मुन्नादादाचा सोवळ्यातला हात

आमचा मुन्नादादा तीर्थ डाव्या हातानं घेतो.

सत्यनारायणाची पूजा आटोपते, गुरुजी पळी घेऊन पुढे येतात, ओळीनं सगळे उजवे तळवे पसरतात आणि मधेच एक डावा तळवा येतो. नवखे गुरुजी पळी तशीच धरून थबकतात. दादा अगदी शांतपणे म्हणतो, "द्या भिया, द्या. उजवा सोवळ्यात आहे." भिया म्हणजे आमच्याकडचा भैया. देवासातल्या जुन्या गुरुजींना आता सवय झाली आहे. एकदा तर त्यांनी सवयीच्या भरात माझ्याही डाव्या हातावर तीर्थ घातलं. पण त्याचं कारण थोडं वेगळं होतं. मी दादाच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या उजव्या हातात तिसरा पेढा होता.

मुन्नादादा माझा आतेभाऊ. वय वर्षं त्रेसष्ट. त्रेसष्टाव्या वर्षी कुणी 'मुन्ना' असतो का, असं पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, की आम्ही माळव्यातले लोक ओशाळून हसतो. आमच्याकडे लाडाचं नाव हिंदीत ठेवतात, मान मराठीत जोडतात आणि ते दोन्ही माणूस स्मशानात जाईपर्यंत वापरतात.

तर हा मुन्नादादा पेशानं बेसबॉलचा पिचर. म्हणजे साठ फुटांवर उभ्या असलेल्या दांडकेवाल्याला चेंडू मारता येऊ नये अशा बेतानं तो फेकणारा माणूस. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं, एक पाय छातीपर्यंत घ्यायचा आणि खांद्यातून सगळा जीव चेंडूत ओतायचा. शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी कुठूनसा एक चेंडू आणि दोन हातमोजे पैदा केले होते, तिथून हे सुरू झालं. पुढे दादा राज्याच्या संघात गेला आणि तिथून एका सरकारी खात्यानं त्याला आपल्या संघासाठी उचललं. नोकरीत नाव कारकून, काम चेंडू फेकणं.

ही बातमी त्यानं आमच्या आजोबांना सांगितली तेव्हा मी तिथंच होतो. देवास संस्थानाच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती; आजोबांच्या तीन पिढ्या तिथल्या दरबारच्या दफ्तरात गेलेल्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पगार कशाचा म्हणालास?"

"चेंडू टाकायचा."

"आणि तो परत कोण आणतो?"

"दुसरा माणूस. कॅचर म्हणतात त्याला."

"त्याला?"

"त्यालापण पगार आहे."

आजोबांनी चष्मा पुन्हा लावला. "एवढी चैन थोरल्या पातीच्या महाराजांना परवडली नाही आणि धाकट्या पातीच्याही नाही," ते म्हणाले आणि पंचांगात तोंड खुपसून बसले.

पण दादानं ती नोकरी एखाद्या व्रतासारखी केली. त्याचं म्हणणं, प्रत्येक हातात ठरावीकच चेंडू असतात. ते उगाच खर्चायचे नाहीत. म्हणून उजव्या हातानं पिशवी धरायची नाही, बादली उचलायची नाही, कुणाशी हात मिळवायचा नाही. देवास ते इंदूर बसमध्ये उजव्या खांद्याला खिडकीचा वारा लागला तर उठून उभं राहायचं. भर मे महिन्यात तो अर्ध्या बाहीचा सदरा घालतो आणि उजव्या हातावर तेवढी लोकरीची पूर्ण बाही चढवतो. ती बाही सुमनवहिनींनी विणलेली. डाव्या हाताची का नाही विणली, असं मी एकदा वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या हाताचं माझ्याशी लग्न झालंय. लाड ह्या हाताचे."

हे खोटं नव्हतं. वहिनी बागलीच्या. लग्नानंतर आठच दिवसांनी दादाची राष्ट्रीय स्पर्धा होती. त्यामुळे माळ त्यानं डाव्या हातानं घातली आणि घासही डाव्या हातानंच भरवला. बागलीकरांत कुजबुज सुरू झाली. शेवटी वहिनींच्या वडिलांनी जावयाला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं, की हाताला काही अधूपण तर नाही ना. दादा म्हणाला, "छे, उलट हा हात म्हणजे अपना खजिना आहे." "मग एकदा वर करून दाखवा," सासरे म्हणाले. "स्पर्धा झाली की दाखवतो," दादा म्हणाला. स्पर्धेनंतर तो दाखवायला गेलाच नाही. बागलीत आजही अशी समजूत आहे की सुमनला लुळ्या हाताचा नवरा मिळाला, पण पोरीनं कधी तक्रार म्हणून केली नाही.

एकदा कॉलनीच्या क्रिकेटमध्ये आम्ही त्याला फार आग्रह करून गोलंदाजीला उभं केलं. 'राज्याचा खेळाडू आपल्या बाजूनं' अशी फुशारकी मीच मारली होती. दादानं पाय छातीशी घेतला आणि कोपरातून असा चेंडू सोडला की फलंदाज बॅट टाकून पळाला. पंच म्हणाले, "नो-बॉल. फेकी है." दुसरा चेंडू, नो-बॉल. तिसरा, नो-बॉल. ते षटक संपेचना. सातव्या चेंडूला दादानं पंचांना विचारलं, "फेकायचा नाही तर करायचं काय ह्याचं?" आणि चेंडू खिशात घालून घरी निघून गेला. आम्ही सामना हरलो, चेंडूही गेला. नव्या चेंडूची वर्गणी मला भरावी लागली.

देवासात टेकडी एकच, देवीची. दुसरी दादानं परसात केली. सरावासाठी मातीचा उंचवटा. खात्यात नऊ वर्षं खेळल्यावर एका सामन्यात त्याचा खांदा गेला, तेव्हा वहिनींनी वर्षभर वाट पाहून त्या उंचवट्यावर गिलकीचा वेल लावला. खात्यानं त्याला जावक टपालाच्या टेबलावर बसवलं. तिथं तो पुढची बावीस वर्षं डाव्या हातानं पाकिटांवर शिक्के मारत राहिला. त्या काळात त्याला कुणी कुठल्या सामन्याला बोलावलं नाही. ना खेळायला, ना पंच म्हणून, ना नुसतं खुर्चीवर बसायला. तरी उजवा हात सोवळ्यातच. का रे बाबा, म्हटलं तर म्हणायचा, "कधी बोलावतील सांगता येत नाही भिया."

आम्ही हसायचो. मी तर जास्तच.

गेल्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वहिनी आलेल्या बायकांना कुंकू लावत होत्या. चौथ्या की पाचव्या बाईसमोर त्यांचं बोट करंड्यातून निघालं आणि कपाळापर्यंत जाईना. मधेच थांबलं. वहिनींना वाटलं, बाईच मागे सरकते आहे. त्या म्हणाल्या, "अगं, पुढे ये की." तेवढ्यात करंडा पडला.

वाचा शाबूत राहिली, चालणंही आलं. उजवा हात मात्र तसाच. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, पण वापरला तरच. बोटांना रोज काम द्या, नाहीतर आखडतील ती कायमची. त्यांनी व्यायामासाठी स्पंजचा एक पिवळा चेंडू दिला. त्यावर हसरा चेहरा काढलेला.

वहिनींनी आयुष्यभर शाळेत पोरांचं अक्षर घोटून घेतलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या पाकिटावर त्यांचं अक्षर. त्या बाईनं चार दिवस तो चेंडू दाबला आणि पाचव्या दिवशी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. "हसतो माझ्याकडं बघून," म्हणाल्या. नंतर उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला तो घेतलाच. व्यायामाचं नाव काढलं की म्हणायच्या, "झाली की साठ वर्षं वापरून. आता कुणाचं काय अडलंय?"

आणि अशा वेळी, ऐन ज्येष्ठात, मुन्नादादानं जाहीर केलं की त्याला फोन आला आहे. जुन्या खेळाडूंचा सामना. दिवाळीनंतर, धारला. आणि त्यासाठी खांदा तयार करायचा म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास त्याच्या हाताला तेल लावायचं. लावणार कोण? तर वहिनी. "परक्याचा हात चालायचा नाही. सोवळ्यात आहे."

ही बातमी धारला माझ्या थोरल्या बहिणीला, जिजीला, कळली. जिजीचा मला फोन आला.

"तो मेला मुन्ना! आजारी बायकोकडून हात चोळून घेतोय! तू इंदुरात बसून काय करतोयस? जा आणि चांगला झाप त्याला."

"मी कशाला? तो मोठा आहे माझ्यापेक्षा."

"म्हणून तर. मी गेले तर मारीन."

आमच्या घरात न आवडणारी कामं माझ्याकडे येतात, कारण मला नाही म्हणता येत नाही. बसमध्ये मी सगळं भाषण मनात पाठ केलं. 'दादा, लाज वाटली पाहिजे' अशी जोरकस सुरुवात होती. देवासला पोचलो, वहिनींनी डाव्या हातानं पोहे पुढे केले, मी दोन बशा खाल्ल्या आणि भाषण मऊ पडलं.

आतल्या खोलीत दादा सतरंजीवर आडवा, उजवा हात उशीवर पसरलेला. वहिनी तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि डाव्या हातानं चोळू लागल्या.

"उजवा," दादा डोळे मिटून म्हणाला.

"उजव्यात जोर नाही."

"जोर नको मला. दोन्ही हातांचा सारखा दाब पाहिजे, नाहीतर खांदा एका अंगाला जाईल."

वहिनींनी डाव्या हातानं उजवा उचलून त्याच्या दंडावर ठेवला. तो हात तिथं पडून राहिला, नंतर हळूहळू सरकला.

"तर्जनी आली. मधली आली. अंगठा कुठाय? अंगठा सुट्टीवर आहे का?"

"अंगठ्यानं गळा दाबीन तुमचा!"

"दाब. पण अंगठ्यानंच."

माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "दादा, लाज वाटली पाहिजे तुला." एवढंच आठवलं.

वहिनी एकदम माझ्यावर उसळल्या. "भावजी, तुम्ही ह्यात पडू नका. ह्यांची मॅच आहे." आणि अधिकच तावातावानं चोळू लागल्या. तेल झाल्यावर दादानं त्यांच्या मांडीवर एक जुना चेंडू ठेवला. लाल दोऱ्यानं शिवलेला, काळपट झालेला. "टाके मोजून ठेव. एकशे आठ पाहिजेत, जपमाळेइतके. एक जरी उसवला असेल तर मॅचला चालणार नाही." वहिनी बोटाच्या टोकानं टाका टाका चाचपत बसल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "एकशे तीनच आले."

"पुन्हा मोज."

दादा मला परसात घेऊन गेला आणि गिलकीच्या वेलापाशी उभा राहिला.

"मॅच नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कुणाचा फोन नाही, काही नाही. आणि खांदा दुखायचा थांबला त्याला पंधरा वर्षं झाली." त्यानं एक सुकलेलं पान खुडलं. "तुझ्या स्वतःसाठी कर म्हटलं तर ती करत नाही रे. माझ्यासाठी करायची सवय आहे तिला, पस्तीस वर्षांची. तेवढी एकच सवय शिल्लक आहे. तीच वापरतोय."

"मग जिजीला सांगतो मी. ती तुला काय काय—"

"खबरदार! देऊ दे शिव्या. कुणी मला बोललं की सुमन माझी बाजू घेते आणि जोरात चोळते. मघाशी तू बोललास ना, अंगठा हलला. बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी तेव्हा माझ्याच भाषणावर खूश होतो.

दादा दूध आणायला कोपऱ्यावर गेला. वहिनींनी चेंडू बाजूला ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"भावजी, एक सांगते. कुणाला बोलू नका. मॅच-बिच काही नाहीये."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"फोन आला म्हणाले ना, त्या दिवशी ह्यांचा फोन माझ्या उशाशी होता. बंद पडलेला. सकाळपासून." त्या दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही हो ह्यांना. बोलत नाहीत, पण वाट बघतात. आता मनानंच बोलावणं काढलंय. सांगताना चेहरा बघायला हवा होता तुम्ही, लग्नातसुद्धा एवढा फुलला नव्हता. आता मीच म्हटलं की माझ्यानं चोळवत नाही, तर ह्यांची मॅच जाईल ना."

"पण वहिनी, तुमचा हात..."

"माझ्या हाताचं काय घेऊन बसलात? ह्यांचा नीट व्हायला हवा."

मी दोघांनाही वचन देऊन परतलो. ज्या माणसाला वाढदिवसाची भेटवस्तूसुद्धा आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याच्याजवळ दोन गुपितं, आणि दोन्ही एकाच घरातली. चातुर्मासभर मी घरात तोंड मिटून जेवलो. बायकोला वाटलं, मी काही नेम धरला आहे.

दिवाळी संपली. दादाचा फोन आला. "भिया, आता तूच काहीतरी निरोप काढ. मॅच रद्द झाली म्हण."

"मग म्हणतो ना."

"अरे नको! रद्द म्हटलं तर ती चोळायचं थांबवेल. आत्ता कुठं पेन धरता येतंय." मग जरा थांबून, "आणि तिनं माझा जुना शर्ट इस्त्री करून ठेवलाय. जिजीला फोनपण केलाय, आम्ही येतोय म्हणून."

शेवटी मीच गाडी काढली. पुढे दादा, मागे वहिनी. देवासहून धारला निघालो. दादा अंगात राज्याच्या संघाचा शर्ट घालून बसला होता. तो पोटावर बसत नव्हता, म्हणून वरून शाल. वहिनी मधूनमधून म्हणत होत्या, "लांबलांबून यायचंय लोकांना. उशीर होईल त्यांना, नाही?" आणि आरशात माझ्याकडे बघत होत्या. दादा खिडकीबाहेर बघत म्हणत होता, "होतो उशीर. बेसबॉलमध्ये होतोच." मी फक्त गिअर बदलत होतो, गरज नसताना.

मैदानात चार शेळ्या होत्या आणि एक बाई स्कूटी शिकत गोल गोल फिरत होती.

"अजून कुणी आलेलं दिसत नाही," दादा म्हणाला.

"येतील," वहिनी म्हणाल्या आणि कडेच्या पायरीवर बसल्या.

अर्धा तास गेला. दादानं शाल काढली, लोकरीची बाही उतरवली आणि मला साठ फुटांवर उकिडवं बसवलं. हातमोजा मला दिला. मी म्हणालो, "हळू टाक बाबा, मला बीपी आहे." त्यानं पाय छातीशी घेतला. छातीपर्यंत तो आला नाही, गुडघ्यापर्यंतच आला. पण चेंडू सुटला तेव्हा मी डोळे मिटले होते, एवढं सांगितलं की पुरे. चेंडू माझ्या कानाजवळून गेला, मागे टप्पा खाऊन वळला आणि घरंगळत वहिनींच्या पायांशी जाऊन थांबला.

वहिनी वाकल्या. डावा हात पुढे आला होता. मग तो मागे गेला आणि उजवा पुढे आला. चेंडू एकदा निसटला, दुसऱ्यांदा हातात राहिला. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो फेकला.

चार हातांवर पडला. स्कूटीवाली बाई थांबून बघायला लागली.

दादा आपल्या जागेवरून निघाला, चालत आला, चेंडू उचलला आणि परत न जाता चार हातांवरच उभा राहिला. त्यानं तो खालून, अलगद, वहिनींकडे टाकला. वहिनींनी तो पोटाशी धरला आणि परत फेकला. ह्या वेळी दादानं झेलला. मग तो एक पाऊल मागे सरला. पुन्हा टाकला. पुन्हा आला. मी साठ फुटांवर हातमोजा घालून तसाच उकिडवा बसून होतो. उठ म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि गुडघ्यांमुळे आपणहून उठता येत नव्हतं.

एवढ्यात रिक्षातून जिजी उतरली. हातात डबा. "काय रे, मॅच कुठाय? माणसं कुठायत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दोघं एकदम बोलली.

"पुढे ढकलली."

दादानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी दादाकडे बघितलं. वहिनींनी पदर सारखा केला. उजव्या हातानं, वेळ लागला.

"पुढे म्हणजे कधी?" जिजी सोडते थोडीच.

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "रंगपंचमीनंतर म्हणतायत."

"रंगपंचमी लवकर होईल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी अंगठा उन्हात धरून थोडा वाकवून बघितला. "ह्याचं अजून बरंच काम बाकी आहे. त्यांना म्हणावं, अक्षय्यतृतीयेनंतर ठेवा."

"सांगतो," दादा म्हणाला, आणि आणखी एक पाऊल मागे गेला.